परतणे आणि परत करणे : नाबोथाच्या मळ्याचे प्रकरण

एका राजाला राजवाड्याशेजारी भाजीचा मळा हवा होता. त्यापायी नाबोथ नावाचा एक शेतकरी दगडांनी ठेचून मारला गेला आणि त्याची मुलेही गेली. बायबलच्या जुन्या करारात 1 राजे या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात, अवघ्या 29 ओव्यांत हे येते; मुलांचा उल्लेख तेवढा पुढे 2 राजे 9 मध्ये आहे. लोभ, सत्तेचा गैरवापर आणि पश्चात्ताप यांवर बोलताना बहुधा दावीद राजा आणि त्याने घेतलेली दुसऱ्याची बायको बथशेबा यांची गोष्ट निवडली जाते. मी नाबोथाचे प्रकरण घेतो, कारण इथे गुन्हा वासनेच्या झटक्यात घडलेला नाही. तो दप्तरातून घडला आहे. मागणी आहे, नकार आहे, पत्र आहे, शिक्का आहे, साक्षीदार आहेत, निकाल आहे आणि शेवटी ताबा आहे. आणि पश्चात्ताप असा आहे की, तो खरा की खोटा हे ठरवताना अजूनही मन अडखळते.

जागा, माणसे आणि मागणी

इज्रेल हे गाव गिलबोवा डोंगराच्या पायथ्याशी, त्याच नावाच्या सुपीक खोऱ्याच्या कडेला. नावाचा अर्थच ‘देव पेरतो’. उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन, पण इज्रेललाही राजाचा वाडा होता. 1990 ते 1996 या काळात डेव्हिड उसिश्किन आणि जॉन वुडहेड यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा मोठे आयताकार तटबंद आवार आणि खडकात खोदलेला खंदक सापडला. पुढे 2012 पासून नॉर्मा फ्रँकलिन आणि जेनी एबेलिंग यांच्या पथकाला टेकडीखाली खडकात कोरलेली, द्राक्षे तुडवून रस काढायची जागा मिळाली. ती नाबोथाचीच असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. एवढे मात्र नक्की की ती जमीन द्राक्षांची होती.

राजा अहाब हा काही लहानसहान असामी नव्हता. त्याने 22 वर्षे राज्य केले. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात इ. स. पू. 853 च्या कर्करच्या लढाईतल्या शत्रूंची यादी आहे. तिच्यात अहाबाच्या नावापुढे 2,000 रथ आणि 10,000 पायदळ लिहिलेले आहे. त्याने बांधलेल्या हस्तिदंती घराचा उल्लेख बायबल करते आणि शोमरोनच्या उत्खननात कोरीव हस्तिदंताचे तुकडे खरोखरच सापडले आहेत. ज्याच्याजवळ इतके होते त्याची नजर शेजारच्या एका तुकड्यावर जाऊन थांबली.

आता मागणी नीट वाचावी, कारण पहिल्या वाचनात ती वाजवीच वाटते. अहाब म्हणतो, तुझा द्राक्षमळा माझ्या घराला लागून आहे, मला तिथे भाजीपाला लावायचा आहे. त्याच्या बदल्यात याहून चांगला मळा देतो, किंवा पाहिजे तर रोख किंमत देतो. धाकदपटशा नाही, जप्ती नाही. अहाबाच्या बापाने, अम्रीने, शोमरोनचा डोंगर शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार (वजनाचे जुने माप) चांदी मोजून घेतला होता. म्हणजे पैसे देऊन जमीन घ्यायची रीत या घराण्याला माहीत होती.

नाबोथ नाही म्हणतो. त्याचे उत्तर एका वाक्याचे आहे: माझ्या वाडवडिलांचे वतन मी आपणाला द्यावे असे परमेश्वर माझ्या हातून न घडवो.

मराठी बायबलात इथे ‘वतन’ हा शब्द आहे आणि तो आपल्याला लगेच कळतो, पण थोडा चकवाही देतो. आपल्याकडचे वतन राजसत्तेने दिलेले असे, सनदेवर चाले आणि सत्तेची मर्जी फिरली की जप्तही होई. नाबोथाच्या तोंडचे वतन तसे नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे ती जमीन इस्राएलला या देशात आणणाऱ्या यहोशवाच्या काळी चिठ्ठ्या टाकून कुळाला मिळाली, आणि देणारा राजा नव्हता. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात देव म्हणतो: जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे आहात. दर पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परतावी असा तिथे नियम आहे. आपल्या जुन्या मिरासदाराची कल्पना यापेक्षा जवळची वाटते: गाव सोडून गेलेला मिरासदारसुद्धा पुढे परतून आपल्या जमिनीवर हक्क सांगू शके. नाबोथ किंमत वाढवून मागत नव्हता. जे आपले नाही ते विकायचे कसे, एवढेच तो सांगत होता.

मागणीतला आणखी एक शब्द मला थांबवतो. ‘भाजीचा मळा’ यासाठी मूळ हिब्रूत जो शब्दप्रयोग आहे तोच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात मिसरचे (इजिप्तचे) वर्णन करताना येतो: तिथे तुम्ही भाजीच्या मळ्याला पाणी द्यावे तसे पायाने शेताला पाणी देत होता. मिसर म्हणजे गुलामीचा देश. लेखकाने हे मुद्दाम केले की नाही हे मी ठामपणे म्हणणार नाही. पण ज्यांनी हे ग्रंथ पाठ केले होते त्यांच्या कानाला द्राक्षमळा उपटून भाजी लावण्याची भाषा खटकली असणार. द्राक्षवेल पिढ्यान्‌पिढ्या जपावी लागते, भाजी एका हंगामात येते आणि जाते.

पलंगावरचा राजा

अहाब घरी आला, पलंगावर पडला, तोंड फिरवले आणि जेवला नाही. रुसलेल्या मुलासारखे हे चित्र आहे, पण त्याला हसण्यावारी नेणे धोक्याचे आहे. सत्ताधाऱ्याचा रुसवा कधी खाजगी राहत नाही. तो रुसवा काढायला धावणारी माणसे भोवती असतात.

त्याची राणी ईजबेल हिने विचारले तेव्हा अहाबाने घडलेले सांगितले, पण पूर्ण सांगितले नाही. नाबोथाने दिलेले कारण, वाडवडिलांचे वतन आणि परमेश्वराचे नाव, त्याने गाळले. तो एवढेच म्हणाला की मी पैसे देऊ केले, दुसरा मळा देऊ केला, आणि तो म्हणाला, मी माझा मळा देणार नाही. कारण काढून टाकले की नकार उरतो तो फक्त उद्धटपणाचा. माझ्या मते या प्रकरणातला पहिला गुन्हा इथे घडला, पत्र लिहिण्याच्याही आधी. एका माणसाचे म्हणणे राजाने स्वतःच्या सोयीने कापले.

ईजबेल सीदोनी लोकांचा राजा एथबाल याची मुलगी. राजाने मागावे आणि रयतेने नाही म्हणावे हे तिच्या हिशेबात बसत नव्हते. ती म्हणाली, “इस्राएलवर राज्य तुम्हीच करता ना? उठा, जेवा, मन प्रसन्न करा. इज्रेलच्या नाबोथाचा मळा मी तुम्हाला देते.” कसा, हे अहाबाने विचारले नाही.

पत्र, शिक्का आणि वडीलधारे

तिने अहाबाच्या नावाने पत्रे लिहिली, त्याच्या मुद्रेने ती मुद्रित केली आणि नाबोथाच्याच गावात राहणाऱ्या वडील जनांना आणि प्रतिष्ठितांना पाठवली. मजकूर थोडक्यात असा: उपासाची दवंडी द्या. नाबोथाला लोकांपुढे मानाच्या जागी बसवा. त्याच्यासमोर दोन अधम माणसे बसवा, त्यांनी साक्ष द्यावी की याने देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले. मग त्याला बाहेर नेऊन दगडमार करून ठार करा.

यातली प्रत्येक ओळ कायद्याच्या वेशात आहे. सार्वजनिक उपास संकटकाळी किंवा कुणाच्या तरी पापामुळे देव रागावला असे वाटले की करत. म्हणजे गावाच्या मनात आधीच भीती पेरून ठेवली. साक्षीदार दोन, कारण अनुवाद 17 प्रमाणे एकाच्या साक्षीवर देहदंड देता येत नाही. आरोप देव आणि राजा दोघांच्या निंदेचा, कारण निर्गम 22 मध्ये दोन्हींना मनाई आहे आणि लेवीय 24 मध्ये देवनिंदेला दगडमाराची शिक्षा आहे. ज्या नियमांनी निर्दोषाचे रक्षण व्हायचे ते सगळे नियम पाळून निर्दोषाला मारले.

पुढे ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथातल्या सनहेद्रिन या भागात रब्बींनी (ज्यू धर्मशास्त्र्यांनी) एक नेमका प्रश्न धरला: मारलेल्या माणसाची जमीन राजाकडे आली कशी? एक मत असे की राजद्रोहात मारलेल्याची मालमत्ता राजाला मिळते, म्हणूनच आरोपात ‘राजा’ हा शब्द घातला. दुसरे मत असे की अहाब नाबोथाचा चुलतभाऊ होता आणि वारसाहक्काने जमीन त्याला आली. मग नाबोथाच्या मुलांचे काय? 1 राजे 21 मुलांबद्दल गप्प आहे. पण 2 राजे 9 मध्ये येहू हा सेनापती देवाचे वचन आठवून सांगतो की नाबोथाचे आणि त्याच्या मुलांचे रक्त देवाने पाहिले. वारस उरू नयेत याचीही तजवीज झाली होती.

संडे स्कूलमध्ये ही गोष्ट सांगताना सगळा दोष ईजबेलवर टाकायची सवय आहे. परकी बाई, मूर्तिपूजक बाई, राजाला बिघडवणारी बाई. तिचा दोष मोठाच आहे. पण मला सर्वांत जास्त त्रास इज्रेलच्या वडीलधाऱ्यांचा होतो. ते नाबोथाचे गावकरी होते. त्याच्या बापाला ओळखत असतील, त्याच्या मळ्यातली द्राक्षे खाल्ली असतील. अनुवाद 19 मध्ये न्यायाधीशांना स्पष्ट सांगितले आहे की साक्षीची कसून चौकशी करा, आणि साक्ष खोटी निघाली तर आरोपीला जी शिक्षा झाली असती ती साक्षीदाराला द्या. एकाने एक प्रश्न विचारला असता, कधी म्हणाला, कुठे म्हणाला, आणखी कोणी ऐकले, तर ही रचना डळमळली असती. कुणीही विचारले नाही.

आणि ते फसवलेही गेले नव्हते. पत्र अहाबाच्या नावाने आले होते, पण काम झाल्यावर निरोप त्यांनी ईजबेलला पाठवला: नाबोथाला दगडमार झाला, तो मेला. उत्तर कुणाला द्यायचे हे त्यांना ठाऊक होते. शिक्का कुणाचा आणि हात कुणाचा, हे माहीत असूनही त्यांनी शिक्क्याच्या आड आसरा घेतला.

“तू खून केलास, आणि ताबाही घेतलास?”

ईजबेल म्हणाली, उठा, ताबा घ्या, नाबोथ मेला. अहाब उठला आणि खाली मळ्याकडे गेला. तिथे त्याला संदेष्टा एलीया तिश्बी भेटला.

कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू याच संदेष्ट्याला एलियाहू हन्नावी म्हणतात. त्याच्या नावाने नवस बोलतात, पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याचा रथ टेकला होता अशी त्यांची श्रद्धा आहे. मंगल कार्यात ज्याची आठवण काढतात तो एलीया इज्रेलच्या मळ्यात मात्र फिर्यादी म्हणून उभा आहे, कारण ज्यांच्या वतीने फिर्याद करायची ती माणसे जिवंत नाहीत.

देवाने त्याच्या तोंडी दिलेला प्रश्न हिब्रूत तीन शब्दांचा आहे: तू खून केलास, आणि ताबाही घेतलास? खुनासाठी दहा आज्ञांतल्या ‘खून करू नकोस’ मधलेच क्रियापद आहे. ताब्यासाठीचे क्रियापद इस्राएलने वचनदत्त देश वतन म्हणून घेतला तिथे येते. अहाबाने पत्र लिहिले नव्हते. साक्ष दिली नव्हती, दगड उचलला नव्हता. तरी क्रियापद द्वितीयपुरुषी एकवचनी आहे. मुद्रा ज्याची, लाभ ज्याचा, खून त्याचा.

अहाब म्हणतो, “माझ्या वैऱ्या, तू मला गाठलेस का?” जो खरे सांगतो तो वैरी, हे त्याच्या मनाने पक्के धरलेले आहे. एलीया निकाल ऐकवतो: जिथे कुत्र्यांनी नाबोथाचे रक्त चाटले तिथे तुझेही चाटतील, तुझ्या घराण्यातला एकही पुरुष उरणार नाही, ईजबेलला इज्रेलच्या तटापाशी कुत्री खातील.

गोणपाट

यानंतर जे घडते त्याची वाचकाला अपेक्षा नसते. अहाबाने वस्त्रे फाडली, अंगाला गोणपाट गुंडाळले, उपास केला, गोणपाटातच निजला आणि मंद पावलांनी चालू लागला. ज्याने आधी हट्टाने जेवण टाकले होते तो आता भयाने किंवा शरमेने जेवत नाही. तोच पलंग, तोच उपाशी राजा, पण अवस्था वेगळी. आणि देव एलीयाला म्हणतो: पाहिलेस, अहाब माझ्यापुढे कसा नम्र झाला? म्हणून मी हे अरिष्ट त्याच्या हयातीत आणणार नाही, त्याच्या मुलाच्या काळात आणीन.

अनेकांना इथे चीड येते, मलाही येते. नाबोथाच्या घरात दिवा लावायला कुणी उरले नाही आणि राजाला सवलत. त्यातही शिक्षा मुलावर ढकललेली. बापाचे पाप मुलाने भोगायचे नाही, असे पुढे यहेज्केल 18 मध्ये ठासून सांगितले आहे, आणि या दोन वचनांमधला ताण मी बुजवू पाहत नाही. पण देवाने जी दखल घेतली ती खोट्याची घेतली असेही मला म्हणता येत नाही. नम्रता खरी होती. इतक्या वाईट राजाची खरी नम्रताही देव पाहतो, हे सांगताना ग्रंथ कचरत नाही.

मग काय कमी पडले? हिब्रूत पश्चात्तापासाठी जो मुख्य शब्द आहे, ‘शूव’, त्याचा अर्थ वळणे, परतणे. अहाबाबद्दल तो वापरलेला नाही. ‘नम्र झाला’ एवढेच म्हटले आहे. याच ‘शूव’ धातूचे दुसरे रूप वस्तू परत करण्यासाठी येते. लेवीय 6 मध्ये नियम आहे: कुणाचे लुबाडले असेल तर ते परत कर, वर पाचवा हिस्सा जास्त दे, आणि त्यानंतर देवापुढे दोषार्पण घेऊन ये. क्रम असा आहे. मराठीला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपल्याकडेही परतणे आणि परत करणे एकाच शब्दातून निघतात.

अहाबाने मळा परत केला असे कुठे लिहिलेले नाही. कुणाला केला असता, वारस मेले होते, असे कोणी म्हणेल. पण नाबोथाचे कूळ होते, गाव होते. गणना 27 मध्ये सलाफहादच्या मुलींच्या निमित्ताने वारसाची उतरंड सांगितली आहे: मुलगा नसेल तर मुलगी, मग भाऊ, मग चुलते, मग जवळचा नातलग. नाव धुऊन काढता आले असते, साक्षीदारांना उभे करता आले असते, वडीलधाऱ्यांना जाब विचारता आला असता. यातले काही झाल्याची नोंद नाही. शतकांनंतर यरीहोचा जकातदार जक्कय येशूला घरी घेतो आणि उभा राहून हिशेब मांडतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडले त्याला चौपट. जक्कयने गोणपाट नेसल्याचे ही गोष्ट सांगणारा शुभवर्तमानकार लूक लिहीत नाही. आकडे लिहितो.

ग्रीक भाषांतरात, सेप्टुआजिंटमध्ये, या कथेला एक विलक्षण जोड आहे. तिथे नाबोथ मेल्याचे ऐकताच अहाब वस्त्रे फाडतो आणि गोणपाट नेसतो, आणि त्यानंतर उठून मळ्याचा ताबा घ्यायला जातो. ज्याने ही ओळ ठेवली त्याला दुःख आणि ताबा एकाच माणसात शेजारी-शेजारी राहू शकतात हे चांगले कळले होते.

आणि नम्रता टिकली का? पुढच्याच अध्यायात, रामोथ-गिलादच्या स्वारीआधी, 400 संदेष्टे अहाबाला विजय सांगतात. मीखाया एकटा वेगळे सांगतो. अहाब म्हणतो, मला त्याचा तिटकारा आहे, तो माझ्याविषयी कधी चांगले सांगत नाही, आणि त्याला कैदेत टाकून अगदी थोडेच अन्नपाणी देण्याचा हुकूम करतो. ‘नाही’ ऐकले की तोंड फिरवायचे, ही खोड गोणपाटाने गेली नव्हती. लढाईत तो वेष बदलून गेला, कुणीतरी सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यात घुसला आणि संध्याकाळी तो मेला. शोमरोनच्या तळ्यावर रथ धुतला तेव्हा कुत्र्यांनी त्याचे रक्त चाटले.

सुमारे 12 वर्षांनी येहू बंड करून इज्रेलवर चालून आला. एलीयाचे शब्द त्याने अहाबाच्या मागून जाताना स्वतः ऐकले होते. अहाबाचा मुलगा योराम याला त्याने बाणाने मारले आणि प्रेत नाबोथाच्या शेतात फेकायला लावले. ईजबेलला वाड्याच्या खिडकीतून खाली टाकले. मग त्याने शोमरोनच्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली आणि राजाच्या 70 मुलांची डोकी टोपल्यांतून इज्रेलला आली. पुन्हा पत्रे, पुन्हा मान डोलावणारे वडीलधारे. पुढे होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात देव येहूच्या घराण्याकडेही इज्रेलच्या रक्ताचा हिशेब मागतो. नाबोथाच्या नावाने केलेली कत्तलही न्याय म्हणून पास झाली नाही.

योराम आणि येहू समोरासमोर आले ती जागा 2 राजे 9 मध्ये नावाने सांगितली आहे. द्राक्षमळा हा शब्द आता तिथे नाही, भाजीच्या मळ्याचाही उल्लेख नाही. इतकी वर्षे ती जमीन राजघराण्याच्या ताब्यात होती. अहाब तिथे गेला, दोन मुलांनी राज्य केले, तरी लोक तिला राजाची जमीन म्हणत नव्हते. ग्रंथात लिहिले आहे, ‘इज्रेलकर नाबोथाचा तुकडा’.